शून्य विकेटवाल्या टॅपरच्या मागावर

"टॅपरला एक तरी विकेट मिळवून दिल्याशिवाय मी पुण्याला परत जाणार नाही!" सासरेबुवांनी नाश्त्याला जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लगेच लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. गाडी कोण चालवणार हे तिथेच ठरलं.

एबनेझर टॅपर कोण, ते आधी सांगते. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा एक बोलर. मोठे सामने तीन, विकेट शून्य, पुढे 'न्यूझीलंडला स्थलांतर'. संपली कारकीर्द. बाबांनी पुण्यात चाळीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलंय, त्यामुळे त्या शून्याचा त्यांना भयंकर राग. कारण त्या काळी बॅट्समन कॅच आउट झाला की वहीत फक्त कॅच घेणाऱ्याचं नाव लिहायचे. बोलरला विकेट मिळायची ती दांडी उडाली तरच. "अगं, ह्याच्या बोलिंगवर लोक पटापट कॅच देत असतील आणि नाव लागलं भलत्याचं!" हे बाबा इतक्या पोटतिडकीने सांगतात, की वाटावं, टॅपर कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावरच राहतो.

तर आम्ही राहतो त्या न्यूझीलंडमधल्याच, तारानाकी भागातल्या एका चिमुकल्या म्युझियमने कळवलं होतं, गावच्या क्लबच्या जुन्या स्कोअरबुकात टॅपर हे नाव आहे, येऊन बघा.

रविवारी सकाळी सहाला हिल्सबरोच्या आमच्या घरून निघालो. मी, बाबा आणि मागे आमची दहा वर्षांची इरा. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमधून येतं. न थांबता पाच तास लागतात, आम्हाला आठ लागले. जाणाऱ्यांनी 'ते कुइती' नावाच्या गावात पेट्रोल भरून घ्यावं, पुढे बराच वेळ नुसती वळणं आणि मेंढ्या. आवाकिनोच्या घाटात इराला मळमळायला लागलं, तेव्हा बाबांच्या खिशातला आलेपाक कामी आला. "आजोबा, धिस इज स्पायसी!" करत तिने चार वड्या संपवल्या. मोकाउला व्हाइटबेटची फ्रिटर घेतली. म्हणजे अंड्यात घातलेले दोऱ्याएवढे मासे, डोळ्यांसकट. बाबांनी ताट मागे सारलं. "हे सगळे माझ्याकडे बघतायत," म्हणाले, आणि चिप्सवर भागवलं.

मुक्काम न्यू प्लिमथच्या मोटेलात. किचनवाली खोली घ्या, दोनशे डॉलरच्या आत मिळते आणि खिचडी होते. तारानाकीचा डोंगर ढगातून बाहेर आलाच नाही. बाबांना त्याचं काही नव्हतं, ते भिंग पुसत बसले होते.

सोमवारी म्युझियम उघडायच्या आधीच आम्ही दारात. "किआ ओरा!" म्हणत मार्गारेटबाईंनी आत घेतलं. त्या तिथल्या स्वयंसेविका. तिकीट नाही, डब्यात डॉलर-दोन डॉलरचं नाणं टाकायचं. त्यांनी स्कोअरबुक टेबलावर ठेवलं आणि बाबांनी देवघरात शिरण्याआधी धुवावेत तसे हात धुतले.

तासभर पानं उलटली. बोलर्समध्ये टॅपर नाही. बॅटिंगमध्येही नाही. बाबांचा चेहरा उतरत चालला. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणूस एवढ्यासाठी इतका लांब आलेला, मला बघवेना.

"आजोबा, लुक, अॅट द बॉटम!" इराने बोट ठेवलं. पानाच्या तळाशी, 'स्कोअरर' ह्या शब्दापुढे, बारीक अक्षरात: ई. टॅपर.

बाबा भराभर पानं उलटत मागे गेले. आधीच्या स्कोअररच्या पानांवर जुनीच पद्धत, कॅच आउटपुढे एकच नाव, कॅच घेणाऱ्याचं. टॅपरच्या पहिल्या पानापासून दोन नावं. कॅच घेणारा, आणि शेजारी बोलर. एकाही कॅचपुढे बोलरचं नाव सुटलेलं नाही.

बाबांनी मार्गारेटबाईंना सगळं समजावलं. "गुड ऑन हिम," म्हणत त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मग तुमच्या वहीत टॅपरच्या विकेट किती लिहायच्या, बाबा?" मी विचारलं.

"शून्य."

"टाका की एक! कोण बघतंय?"

"मुग्धा, स्कोअरर विकेट देत नाही. पडलेली लिहितो." मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "माणूस आपल्यातला निघाला गं."

परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत होते. मी म्हटलं, चला, सातशेच्या वर किलोमीटर गाडी हाकली आणि हाती आलं शून्य! तरी मला काही केल्या वाईट वाटेना.

शनिवारी, विमानाच्या आदल्या दिवशी, निखिलच्या ऑफिसची मॅच होती. स्कोअरिंगला बाबा. मॅच संपल्यावर वही आवरताना मी शेवटचं पान पाहिलं. खाली स्कोअररच्या नावाची ओळ असते. "वही खेळणाऱ्यांची आहे, माझं काय त्यात!" म्हणत बाबांनी ती आयुष्यभर कोरी सोडली, हे सासूबाईंकडून मी शंभरदा ऐकलंय. आज तिथे बाबांचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठसठशीत देवनागरीत. बाबा पलीकडे उभे राहून निखिलला सांगत होते, "तुझा तो कॅच साधा होता रे, खरी कमाल बोलरची."