आईचा सोनचाफा आणि माझं भाषण

त्या काळी मी सांगलीच्या एका शाळेत मुलांना झाडांविषयी शिकवत होतो, आणि आमच्या दारातला सोनचाफा मीच तोडला.

मुद्दाम नव्हे. पण झाडाला मुद्दाम काय आणि चुकून काय!

तो चाफा आईचा. तिच्या माहेराहून, औंधाहून, तिनं वीतभर रोप रॉकेलच्या डब्यात घालून आणलं होतं. आमच्या गावापर्यंत, कुंडलपर्यंत, एस्टीत रोपाला जागा, आणि मी उभा! रोप लावताना तिनं औंधाच्या टेकडीवरल्या यमाईला शब्द दिला, की पहिलं फूल तुला, आणि टेकडी चढून मीच आणून वाहीन.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा घरातल्या प्रत्येकानं चाफ्याच्या आळ्यात उभं राहून आंघोळ करायची असा हुकूम निघाला. वडीलसुद्धा पंचा नेसून आळ्यात! वर सूचना, "साबण लावू नगासा, त्याला सोसत न्हाई." त्या वर्षी आम्ही सगळे कळकट राहिलो, चाफा मात्र हिरवागार.

एवढं करून आठ वर्षं झाली. झाड पत्र्याच्या वर गेलं, बारा महिने पानांनी भरलेलं, पण फुलाच्या नावानं शंख! शेजारच्या गोदाकाकूंनी निकाल दिला, "आवं, नर हाय त्यो. सावली घ्या आन गप बसा." (सोनचाफ्यात नर-मादी वेगळे नसतात, हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.) बीपासून वाढलेल्या चाफ्याला आठ-दहा वर्षं लागतातच, हेही सांगितलं.

"तुझ्या पुस्तकातल्या चाफ्याला लागत असत्याल," आई म्हणाली.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं ठरवलं, झाडाला भीती घालायची. आमच्याकडची ही जुनी रीत. एकानं कुऱ्हाड घेऊन झाडापुढं जायचं, "फुलत न्हाईस व्हय? तोडतोच तुला!" म्हणायचं आणि उलट्या कुऱ्हाडीनं खोडावर एक ठोका द्यायचा. दुसऱ्यानं धावत येऊन त्याचा हात धरायचा, "नगं, नगं! पुढल्या साली फुलंल त्यो, मी जामीन." झाड घाबरतं आणि फुलतं. ज्यानं पाणी घातलं त्यानं मात्र तिथं थांबायचं नसतं. म्हणून आई देवळात जाऊन बसली. जाता जाता मला म्हणाली, "लय ओरडू नगंस रं. भ्यालं पायजे, पर मनाला लागाय नगं."

कुऱ्हाड माझ्याकडं आली, कारण जत्रेतल्या नाटकात मी दरवर्षी खलनायक. हात धरायला तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते. फौजेतून हवालदार होऊन आलेला शिस्तीचा माणूस.

मी अंगणात उतरलो तर कंपाउंडच्या भिंतीवर दहा-बारा माणसं, पुढं गोदाकाकू. प्रेक्षक! तिथंच माझा घात झाला.

"अरे कृतघ्न वृक्षा!" मी सुरुवात केली. (आमच्या घरात 'वृक्ष' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा आला.) भिंतीवरून शिट्टी आली. मी उलट्या कुऱ्हाडीचा ठोका दिला आणि तात्यांची वाट पाहिली. तात्या सावधानमध्ये उभे. म्हटलं, आपलं बोलणं कमी पडलं असेल. म्हणून दुष्काळातल्या आंघोळी काढल्या, आईनं वाहिलेल्या घागरी काढल्या.

"लय भारी, मास्तर!" कुणीतरी ओरडलं.

"उलट्या कुऱ्हाडीला काय भितंय त्ये!" गोदाकाकू म्हणाल्या.

हे मात्र मला लागलं. कलावंताला असं बोलू नये! मी कुऱ्हाड सुलटी केली. घाव घातला, ढलपी उडाली. टाळ्या! मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तात्यांकडं बघतोय, तात्या माझ्याकडं. मी आवाज चढवला. आणखी एक घाव, मग आणखी एक. मी थांबू कसा? मला थांबवायचं काम तात्यांचं! चाफ्याचं लाकूड मऊ. सहाव्या घावाला खोडातून कर्रर्र आवाज आला आणि टाळ्या बंद झाल्या.

"तात्या!" मी किंचाळलो. "हात धरा की माझा!"

"तुझं संपलं व्हय?" तात्या पुढं आले. "दुसऱ्याचं भाषान चालू असताना मधी बोलत न्हाईत, गड्या." मग त्यांनी शिस्तीत माझा हात धरला आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. "नगं, नगं! पुढल्या साली फुलंल त्यो, मी जामीन."

ते 'जामीन' म्हणत असतानाच त्यांच्या मागं चाफा आडवा झाला.

आवाज ऐकून आई धावत आली. तोवर तात्या आडव्या झाडाच्या शेंड्याशी वाकून बघत होते. आजवर कुणाला दिसल्या नव्हत्या अशा कळ्या वरच्या पानांच्या बेचक्यात होत्या. हिरवट, मऊ लव असलेल्या, नऊ. आई खाली बसली आणि एकेका कळीवरनं हात फिरवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आलं हुतं रं फुलाय," ती म्हणाली. "तुमी बोलायच्या आधीच आलं हुतं."

त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते. खरंच वाटते.

कळ्यांची ती फांदी तिनं घागरीत ठेवली. आठ दिवसांत कळ्या काळ्या पडल्या, उमलली एकही नाही. त्यातली बरी एक पदरात बांधून ती औंधाला गेली, मी मागोमाग. टेकडी चढली, कळी देवीपुढं ठेवली आणि म्हणाली, "हितवर मी आणली. उमलवायचं तुझं तू बघ."

पुढं बुंध्याला फुटवा आला. त्याला फूल यायला इतकी वर्षं लागली, की तोवर आईचे गुडघे गेले होते. ते फूल वर मी एकट्यानं नेलं, आणि ती खाली एस्टीच्या थांब्यावर बसून राहिली. शब्द तिनं दिला होता. तो मोडला मी.

पण फुटवा आला त्या पावसाळ्यात आईच्या अंगात नवा जोर आला होता. तिनं त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आणि दिवाळी जवळ आली तसं ते वाढवत वाढवत छातीपर्यंत नेलं.

"एवढं कशाला, वैनी?" गोदाकाकूंनी भिंतीवरून विचारलं. "शेळ्या शिरत्यात व्हय?"

"न्हाई," आई म्हणाली. "मास्तर सुट्टीला येतोय."