मंदाताईंच्या रिकाम्या पट्ट्या

"मंदाताई, खरं सांगा. गोळ्या फेकता ना?"

हे मी त्यांच्याच अंगणात, सासू आणि नवऱ्यासमोर विचारलं. गाव अमडापूरजवळचं. मी तालुक्याचा टीबी सुपरवायझर; पेशंट औषध घेतात की नाही ते बघणं माझं काम. उपचाराचा पाचवा महिना चालू होता आणि बाईंच्या बेडक्यात जंतू अजून दिसत होते.

"एक बी नाही सोडली, सर." त्यांनी घरामागच्या वावराकडे बोट केलं. ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून दोरीला गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या बांधल्या होत्या. पाच महिन्यांच्या.

"पट्टी कोणीही रिकामी करतं," मी म्हणालो. "गोळी पोटात गेली का ते सांगा."

नोकरीत असले बहाणे ढिगानं ऐकले होते, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता. सासू म्हणाली, "औषध फेकते अन् घरभर बिमारी वाटते." आठवड्याच्या आत नवऱ्यानं, गजाननानं, त्यांना जानेफळला माहेरी पोचवलं.

मी नवा नमुना तपासणीला पाठवला होता. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर मॅडमनी बोलावलं.

"सुरुवातीला दोन नमुने घेतले होते ना? दुसऱ्याचा रिपोर्ट कुठाय?"

"त्या नमुन्याची डबी वाटेत गळली, मॅडम. लॅबनं परत मागितला होता. तोवर बाईंना बरं वाटायला लागलं, बेडका पडेना. राहून गेलं."

मॅडमनी दोन कागद पुढे ठेवले. एक मंदाताईंचा, एक त्यांच्या वडिलांचा. वडील टीबीनंच गेले. त्यांची सेवा मंदाताईंनी केली होती. दोन्ही कागदांवर एक म्युटेशन अगदी सारखं होतं.

म्युटेशन म्हणजे काय ते सांगतो. जंतू एकाचे दोन होताना त्याच्या जनुकांची नक्कल होते, आणि नक्कल करताना कधी चूक होते. आयसोनियाझिड नावाची आपली गोळी जंतूच्या आत शिरून त्याच्याच एका एन्झाइममुळे कामाला लागते. ते एन्झाइम बनवणाऱ्या जनुकात चूक झाली की गोळी खडूसारखी निकामी. वडिलांकडून मंदाताईंना हाच जंतू मिळाला होता. पहिला नमुना आम्ही ज्या मशीनवर तपासतो, त्याला हे दिसत नाही. ते फक्त रिफाम्पिसिन हे दुसरं औषध चालेल का तेवढं सांगतं. आयसोनियाझिडचं कळणार होतं ते त्या गळलेल्या नमुन्यातून.

म्हणजे बाई रोज नेमानं गोळ्या घेत होत्या आणि रिफाम्पिसिन जवळपास एकटंच लढत होतं. लाखो जंतूंत एखाद्यात रिफाम्पिसिनला न जुमानणारी चूकही आपोआप झालेली असते. बाकीचे मेले, तो उरला, वाढला. आता दोन्ही मुख्य औषधं बाद.

मी जानेफळला गेलो. मंदाताईंना उठून बसवत नव्हतं.

"तुमची चूक नव्हती, ताई. माझी होती."

"मले काऊन सांगता?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "तिथं सांगा. त्याच अंगणात."

नवी औषधं सुरू केली. अंगणात जायचं मात्र आज-उद्या करत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. तिसऱ्या आठवड्यात मंदाताई वारल्या.

मग गेलो. ज्वारी काढून झाली होती, दोरी तशीच होती. मी सगळं सांगितलं.

गजानन म्हणाला, "म्हणजे ती खरंच गोळ्या खात होती?"

"हो. सगळ्या."

तो ओसरीवर बसला आणि रडायला लागला. सासूनं माझ्याकडे पाहिलं. "मंग तवा तसं काऊन बोलले, सायेब?"

आता नमुना गळला की त्याच दिवशी दुसरा घेतो. आणि औषध लागू पडत नसलं, तर पेशंटला काही विचारण्याआधी माझे कागद तपासतो.