शिवाजी पेठेतली न लावलेली कडी

भावकीत अबोला असलेल्या वाचकांनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे: समोरचा धड भांडतही नाही! म्हणूनच रविवारी कोल्हापूर गाठलं. तिथल्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीचे दोन तुकडे पुन्हा एक होणार होते. माझी मैत्रीण सुनंदा तिथल्या पाळकांची बायको. तिनं बोलावलं होतं.

जयसिंगपूरहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण उभं राहायची तयारी ठेवा. स्टँडवरून रिक्षाच करा. पेठेच्या गल्लीत गाडी घालाल तर पस्तावाल. कोपऱ्यावर मिसळ खाऊन घ्या, उपासना लांबते.

स्टँडवर घ्यायला आलेल्या सुनंदानं रिक्षात इतिहास सांगितला. कोडोलीहून कामासाठी शहरात आलेल्या काही घरांनी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत प्रार्थना सुरू केली. ही माणसं शपथ घेत नाहीत, हत्यार धरत नाहीत. पुढं प्रार्थनाघर बांधलं आणि गाण्याला ढोलकी हवी की नको, यावर मतं फुटली. शांततेची शिकवण एवढी पक्की की कुणी आवाज चढवला नाही. निम्मे लोक मुकाट उठून त्याच गल्लीत दुसरीकडे जमू लागले. मार्थाकाकी आणि रूथकाकी या सख्ख्या जावांचं बोलणं तेव्हापासून बंद. शेजारच्या तालमीत सकाळी जुंपते, संध्याकाळी मिटते. इथं भांडणच झालं नाही, मग मिटणार काय?

प्रभुभोजनाआधी, म्हणजे सगळ्यांनी मिळून एक भाकर मोडून खाण्याआधी, इथं एकमेकांचे पाय धुतात. रूथकाकी पाण्याचं घमेलं घेऊन जावेपुढं बसल्या. मार्थाकाकींनी पाय मागं घेतले. मनं साफ झाल्याशिवाय एक भाकर मोडायची कशी?

"आधी भांडू दे मला," मार्थाकाकी म्हणाल्या. "माझा मालक गेला तवा दारातनं परत का गेलीस?"

"दार लावून घेतलं हुतंस की!"

"कडी न्हवती लावली! ढकलायचं हुतं!"

"मला काय सपान पडलं हुतं? हाक मारायचीस की!"

पाळक मध्ये पडायला उठले.

"साहेब, तुमी बसा खाली," दोघी एकदम ओरडल्या.

बराच वेळ चाललं. मग मार्थाकाकींनी पाय पुढं केले. "गार हाय गं पाणी."

"तुझ्या तोंडापायी गार झालं. हलू नगंस."

त्यानंतर गाणं झालं. ढोलकीसकट.

घरी कुलूप काढताना ती न लावलेली कडीच डोक्यात होती. तुमच्याही नात्यात एखादं दार नुसतंच लोटलेलं असेल. आज जेवायला बसण्याआधी त्या माणसाला फोन लावा, आणि मोठ्यानं भांडा.