खाटेजवळचा स्टूल

अमरावतीच्या दवाखान्यात माह्या लेकीच्या बाजूच्या खाटेवर बिहारची एक बाळंतीण होती. नवरा रोडच्या कामावर, सोबतीले बाईमाणूस कोणी नाही. तिचं नाव मी इचारलं नाही. बाळ कुरकुरलं की ती पदराआड घे अन् त्याचे तळवे चोळत बसे. बाळ चुपचाप पीत राहे.

माही लेक मात्र बाळाले धड पाजतच नव्हती. बाळ रडून रडून लाल. तिची माय दिवाळीत गेली, म्हणून दिवसभर मीच खाटेजवळ स्टूल टाकून बसलो होतो. शेवटी पावडरच्या दुधाचा डबा आणाले उठलो.

ती बाई हसली. "बाबूजी, डिब्बा छोड़ो. आप यहाँ से हटोगे तब ना बेटी दूध पिलाएगी! बाप के सामने लजाती है."

लेकीनं मान खाली घातली.

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुमी एकटे कुठं बसान, बाबा?"

मी स्टूल उचलून व्हरांड्यात गेलो. त्या बाईनं दोन्ही खाटांच्या समोरून आपली एक साडी आडवी बांधली. थोड्या वेळानं आतलं रडणं थांबलं, अन् दोघींचं हसणं आयकू आलं.

बायको गेल्यापासून पहिल्यांदा मले एकटं बसून बरं वाटलं.