गमरेबाईंची आमटी

बहरीनच्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असला की श्रावस्ती गमरेच्या वाट्याला खुर्च्या आणि माइक ठरलेला. गुदैबियातल्या भाड्याच्या हॉलवर शुक्रवारी सगळ्यांच्या आधी ती पोचायची, एसी लावायची, खुर्च्या मांडायची, माइकची खरखर घालवायची. एरवी ती एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट होती आणि नवरा सुजीत मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये फ्रिज-एसीचा मेकॅनिक. दोघंही खेड तालुक्यातली. बहरीनला आल्यावर तिला वाटलं होतं, सुटलो. इथं कुणी तुमचं आडनाव ऐकून पुढचा प्रश्न विचारत नाही.

स्वयंपाकाच्या कमिटीत ती दरवर्षी नाव द्यायची. अध्यक्ष शंभूरावांच्या पत्नी, लक्ष्मीवहिनी, दरवर्षी हसून म्हणायच्या की माइकचं तुमच्याइतकं कुणाला जमत नाही हो. श्रावस्तीला ते कौतुक वाटायचं. घरी येऊन ती ते सुजीतला सांगायचीसुद्धा. पुढं तिला सगळ्यात जास्त चीड आली ती या सांगण्याचीच.

पंच्याण्णव साली महाराष्ट्र दिनाच्या जेवणाआधी आमटी करणाऱ्या बाईंना अचानक इंडियाला जावं लागलं. मीटिंगमध्ये कुणी पुढं होईना. श्रावस्ती म्हणाली, मी करते, काळ्या वाटाण्याची. शंभूरावांनी बायकोकडं पाहिलं. लक्ष्मीवहिनी म्हणाल्या, बघू. तो तिनं होकारच धरला.

तिनं ऑफिसातून लीव्ह घेतली. गावाहून आलेले वाटाणे भिजवले, कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटण केलं. वासानं सगळा जिना भरला. मुलगी अक्षता इंग्रजी शाळेतली; ती इंग्रजीतच म्हणाली की आज आपल्या घराला आजीच्या घराचा वास येतोय. शुक्रवारी खंडूनं दोन मोठी पातेली व्हॅनमधून हॉलवर पोचवली. खंडू गुहागरकडचा, श्रावस्तीच्याच कंपनीत ड्रायव्हर.

भाषणं संपली. माइक बंद करून श्रावस्ती जेवणाकडं गेली, तर टेबलावर पुऱ्या, श्रीखंड आणि हॉटेलच्या डब्यातली आमटी. तिची पातेली मागच्या पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी. तिथं ड्रायव्हर लोक आणि हॉलचा वॉचमन मुख्तार जेवत होते. लक्ष्मीवहिनी लगबगीनं आल्या. म्हणाल्या, अहो, ऐनवेळी माणसं वाढली म्हणून थोडी बाहेरची मागवली, आणि ड्रायव्हर लोकांनाही घरचं मिळायला नको का?

एवढ्या माणसांचं जेवण ते हॉटेल दोन दिवस आधी सांगितल्याशिवाय देत नाही, हे गुदैबियात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ती खोबरं भाजत होती तेव्हाच हे ठरलं होतं.

तिनं खंडूला सांगितलं, पातेल्याला हात लाव, पुढं न्यायचंय. खंडू घुटमळला.

"राहू दे ना ताई. आम्ही खातोय की," तो म्हणाला. "गावाला असतो तर नसती खाल्ली. इथं कोण बघतंय?"

बिचारा समजूत काढत होता. ते तिला कळलं, आणि कळल्यामुळंच तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं पदर खोचला आणि एकटीनं पातेलं फरशीवरून ओढत नेलं. त्या आवाजानं सगळा हॉल वळून बघायला लागला. एका खुर्चीवर पातेलं चढवून ती हातात पळी घेऊन रांगेच्या तोंडाशी उभी राहिली आणि एकेकाला नावानं विचारायला लागली, आमटी वाढू?

कुणाला ॲसिडिटी होती. कुणाचं पोट भरलं होतं, ताट मात्र कोरं. ज्यांच्या मुलांचे शाळेचे अर्ज तिनं टाइप करून दिले होते, त्या बाईंनी मान खाली घालून ताट पुढं सरकवलं ते थेट हॉटेलच्या डब्यापाशी. ती कुणावर ओरडली नाही. प्रत्येकाला तेवढंच विचारत राहिली, म्हणजे प्रत्येकाला तिच्या तोंडावर नाही म्हणावं लागलं. नुकतंच लग्न होऊन आलेल्या मनालीनं ताट पुढं केलं. नवऱ्यानं तिचं कोपर ओढलं, तरी तिनं ताट मागं घेतलं नाही.

शंभूराव जवळ आले. "गमरेबाई, बाहेर निदर्शनं, धरपकड चाललीय, तुम्ही बघताय. चार माणसं जमवायची परवानगी मिळताना नाकी नऊ येतात. इथं तमाशा झाला तर मंडळ खलास."

"मी फक्त वाढू का विचारतेय," ती म्हणाली. "तमाशा तुम्ही हॉटेलात ऑर्डर दिलीत तेव्हाच झाला."

इतका वेळ हॉलच्या कोपऱ्यात गप्प उभा असलेला सुजीत घरी जाताना म्हणाला की सोडून द्यायचं होतंस, यांचीच माणसं आपल्या साहेबांच्या उठण्याबसण्यातली, उद्या व्हिसाचं काही झालं तर? त्याला तिनं एवढंच सांगितलं, "मी बोलले ते त्यांनी ऐकलं नाही. तू गप्प बसलास ते मात्र बरोबर ऐकलं."

तिनं मंडळ सोडलं. मंडळानं पुढच्या वर्षीपासून सगळं जेवण कॅटररकडं दिलं. सोय म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. माफी कुणी मागितली नाही. मनालीही पुन्हा भेटली ती फक्त भाजीच्या दुकानात, नवरा बरोबर नसताना.

चौदा एप्रिलला श्रावस्ती आपल्याच फ्लॅटमध्ये जयंती करायला लागली. अरादहून, मुहर्रकहून आपले टेक्निशियन, क्लार्क बायकामुलांसह यायचे. सुजीत दारात उभा राहून सगळ्यांचं स्वागत करायचा. दुसऱ्या वर्षी त्याच्यामागून खंडू आत आला. भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, सुट्टीवर गेलो तेव्हा घरी सांगितलं, मी तुमच्या हातचं खाल्लं म्हणून. आई बोलत नाही माझ्याशी."

त्याचं त्या पॅसेजमधलं वाक्य श्रावस्ती अजून विसरली नव्हती, विसरणारही नव्हती. "तिला फोन करत राहा," ती म्हणाली, आणि त्याला अक्षताच्या शेजारी जागा करून दिली.