पोचे आलेले डबे

माझा साळा आंजीच्या शाळेत चित्रकला शिकवतो आणि संध्याकाळी आमच्या पिपरी मेघेच्या घरी येऊन मालगाडीचे डबे बनवतो. डबा वितीपेक्षा लहान असतो. तो खरोखर रुळांवर धावतो, पण ते रूळ कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत असतात. हा शौक असलेली माणसं आपल्याकडे थोडीच, आणि चकचकीत विलायती डबे मागवून ती कंटाळलेली आहेत. त्यांना आपला कोळशाचा मळका डबा हवा असतो. तो कसा दिसतो हे वर्ध्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. चंद्रपूरकडचा कोळसा आमच्यासमोरून सतत जात असतो आणि आम्ही फाटकापाशी उभे असतो.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो तेव्हा साळ्याने मला भागीदार करून घेतलं. त्याचं छपाईचं यंत्र आमच्या समोरच्या खोलीत आलं. संगणकावरच्या चित्रावरून ते चिकट द्रवाचे थर चढवत डबा घडवतं. घासणं, रंगवणं, अक्षरं चिकटवणं आमच्याकडे. मी पुस्तकातल्या तळटिपा आधी वाचणारा माणूस. डब्याच्या पोटाखालचे ब्रेकचे दांडे, त्यांच्या खिट्या, साखळ्या हे सगळं केसाएवढ्या तारेतून वाकवून बसवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. परिणाम असा की एका डब्याला दोन संध्याकाळी लागायच्या आणि विकून उरायचं त्यात आमच्या चहाचं दूधही बसत नव्हतं.

बायको गणिताची शिक्षिका होती. तिने हिशेब तोंडीच केला.

"पिपरीत कॉलेजच्या पोरांले खोल्या पुरून नाई राह्यल्या," ती म्हणाली. "ह्या खोलीचं भाडं तरी निघालं पाह्यजे. दिवाळीपर्यंत पाह्यतो आपण. नाई तं खोली देऊन टाकीन."

निवृत्त माणसाला घरात बसायला जागा भरपूर असते. काहीतरी करत बसायला मात्र मला ती एकच होती.

त्याच सुमारास हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी अख्खी कोळशाची गाडी मागवली. त्यांनी बंगल्यावर रुळांसाठी स्वतंत्र दालन बांधलं होतं आणि त्याच्या उद्घाटनाची पत्रिका छापली होती. पत्रिकेत प्रमुख पाहुणे होते, अध्यक्ष होते, दोन विशेष उपस्थिती होत्या. रेल्वेचा उल्लेख शेवटच्या ओळीत, भोजनाच्या वर होता. ही गाडी नफ्यात गेली तर खोली वाचणार होती. माझ्या पद्धतीने केली तर जाणार होती.

बायकोने एक डबा उचलून पालथा केला.

"हे खाली काय व्हय?"

"ब्रेकचे दांडे."

"शेठजी डबा उलटा चालवनार हाये का?"

"नाही, पण खऱ्याला असतात."

"तुमच्या पोटातही आतडे असतेच ना. फोटोत येते का?"

मग तिने डबा टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. शाळेतही ती फळ्यावर लिहून मागच्या बाकापर्यंत जायची आणि तिथून दिसलं नाही ते परत येऊन पुसायची.

"ताईच्या वर्गात मागच्या बाकावर मीच बसो," साळा म्हणाला. "मले काईच दिसे नाई. मी झोपून राहो."

"म्हणून तं ड्रॉइंग मास्तर झाला," बायको म्हणाली.

दारातून तिला दांडे दिसले नाहीत, वजनाचे बारीक आकडे दिसले नाहीत. ठळक पांढरी अक्षरं, वरच्या काठावरची काळी धूळ, ठिगळांचे वेगवेगळे तांबडे रंग आणि बाजूंना आलेले पोचे तेवढे दिसले. हे पोचे साळ्याची करामत. कोळसा उतरवताना खऱ्या डब्यांना यंत्रांचे धक्के बसतात, पत्रे बाहेर फुगतात. त्याने ते चित्रातच काढले होते, म्हणजे यंत्र ते फुकट घडवत होतं. जे दारातून दिसतं ते ठेवायचं, असा कायदा झाला. मी दोन दिवस दुखवटा पाळला आणि गाडी वेळेत रवाना झाली.

आठवड्याने फोन आला. "मास्तर, पार्सलवाल्याने वाट लावली. सगळे डबे दबले आहेत. मला नवीन पाहिजेत, नाहीतर पैसे परत."

बायकोने साळ्याच्या हातातून फोन घेतला.

"शेठजी, जिनात जाताना फाटक लागते ना?"

"लागते."

"बंद असते ना?"

"कायमच."

"मंग उद्या तेवढा वेळ मोबाईल बाजूले ठेवा अन् गाडी पाहा."

दोन दिवस काहीच कळलं नाही. मी मनातल्या मनात माझ्या टेबलाच्या जागी कोणाची तरी कॉट ठेवून पाहिली. तिसऱ्या दिवशी शेठजी बोलले, तेव्हा आवाज बदलला होता.

"पाहिलं. बरोबर आहे तुमचं. पण खऱ्या गाडीत प्रत्येक डब्याचा पोचा वेगळा असतो. तुमचे सगळे एकसारखे कसे?"

कारण चित्र एकच होतं. माणूस आमच्यातलाच निघाला होता, आणि असा माणूस गिऱ्हाईक म्हणून परवडत नाही. प्रत्येक डब्याचं नवं चित्र काढायचं तर नफा पुन्हा ब्रेकच्या दांड्यांच्या वाटेने गेला असता.

शेठजींचा ड्रायव्हर डबे परत घेऊन आला. साळा बराच वेळ एक डबा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, गंजात पाणी ठेव बरं. जुना गंज घेजो. हे गरम पाण्यात नरम पडते."

पातेल्यात पाणी उकळलं. डबा बुडवायचा, अंगठ्याने दाबायचा, की गार पाण्यात. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. तिघांचे अंगठे वेगळे, तिघांचा जोरही वेगळा. बायकोचे पोचे सर्वांत खोल होते. कोणाचा विचार करून दाबत होती ते मी विचारलं नाही.

उद्घाटनाला आम्ही गेलो. पाहुणे उशिरा आले. शाली झाल्या, नारळ झाले, भाषणांत राष्ट्राच्या प्रगतीचा वेग आला. दोरीच्या पलीकडे, कुठल्याही मागच्या बाकाहून लांब, सगळे उभे होते. अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच कोणीतरी बटण दाबलं आणि आमची गाडी त्यांच्या पाठीमागून फिरू लागली. त्यानंतर अध्यक्षांकडे कोणी पाहिलं नाही.

"सेकंड हँड घेतली का?" एकाने शेठजींना विचारलं.

"खास बनवून घेतली," शेठजी म्हणाले. आणखी एक गाडी त्यांनी तिथेच मागितली.

दिवाळीनंतर एक गृहस्थ मुलीला घेऊन खोली विचारायला आले. बायकोने समोरचं दार थोडं उघडलं. आत साळा आणि मी वाफाळणाऱ्या गंजावर वाकून बसलो होतो.

"खोली दिली," ती म्हणाली.

गृहस्थांनी आत डोकावून पाहिलं. "हे किती दिवस राहणार आहेत?"

"सांगता नाई येत," बायको म्हणाली. "सध्या तं भाडं वेळेवर देऊन राह्यले."