खेकड्याची तेविसावी पायरी

घोट्याला प्लास्टर होतं आणि दीड महिना शाळा बंद, म्हणजे माझ्यापुरती. वाणगावच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंनी वेळ घालवायला म्हणून चार पुस्तकं पाठवली. त्यांत एक कागदाच्या घड्यांचं होतं. सालवडला दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत, पाय उशीवर ठेवून मी आधी होडी केली, मग बेडूक, मग बऱ्यापैकी चिमणी. हुरूप चढला तसा शेवटच्या पानांवरचा खेकडा धरला. एकच चौकोनी कागद, कात्री नाही, डिंक नाही, आणि त्यातून आठ पाय नि दोन नांग्या निघणार होत्या.

बावीस पायऱ्या निभावल्या. तेविसाव्या पायरीला कागदाची छोटी टोपी झालेली असते, आणि तिचं टोक आत बुडवायचं असतं. चित्रात एक जाडसा बाण आणि खाली इंग्रजीत एकच ओळ: टोक आत ढकला. मी ढकललं. टोक चेपलं, कागद फाटला.

दुसरा कागद घेतला, तोही फाटला. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातल्या माणसाचे हात नेमके त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या आड गेले, आणि परत दिसले तेव्हा टोक आत गेलेलं. घड्या घालणाऱ्यांच्या एका गटावर फोटो टाकला. कुणा भल्या माणसाने त्यावर तीन लाल बाण काढून पाठवले. तरी मला कळेना. आमच्या गणिताच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "बाई, चिमणी छान झालीय ना? मग चिमणीवर थांबा की."

खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. विक्रमगडच्या पलीकडच्या पाड्यावरच्या. भातलावणीला गावी जायच्या, एरवी बोईसरला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. मी पडल्यापासून रोज संध्याकाळी पाळी सुटली की माझ्यासाठी दोन भाकऱ्या घेऊन वर यायच्या. त्या दिवशी भाकऱ्या ठेवल्या आणि फरशीवरचे बोळे बघून उभ्याच राहिल्या.

"काय करता हो बाई हे?"

"खेकडा."

त्या खळखळून हसल्या. मग बसल्या, एक फाटका बोळा उचलला आणि मांडीवर हळूहळू उलगडायला लागल्या. मी म्हटलं, "ताई, तो वाया गेलाय, हा नवा घ्या." त्यांनी मान हलवली. "वाया गेलेलाच बरा. कुठं मोडला ते यात दिसतं."

मी त्यांना रोज भेटत होते, पण कारखान्यात त्या नेमकं काय करतात हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. मोठी ऑर्डर निघायच्या आधी खोक्याचा एक नमुना हाताने दुमडून बघतात. कुठली घडी अडते, झाकणाचा कुठला कान आड येतो, ते शोधायचं. गेली नऊ वर्षं ते काम त्यांचं होतं.

त्या दिवशी मात्र त्यांनाही जमलं नाही. चमच्याच्या दांड्याने टोक आत दाबून पाहिलं, कागद फाटला. "मी पण तुमच्यासारखंच केलं," असं म्हणून त्या तो फाटका कागद घडी घालून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या हातभर लांबरुंद खाकी कागद घेऊन. कारखान्यात पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येतो तो. विचारून आणला होता. "तुमचा कागद लय लहान. लहान कागदात चूक लपते."

त्या मोठ्या कागदावर आम्ही दोघींनी मिळून बावीस पायऱ्या केल्या. टोपी तयार झाल्यावर त्यांनी टोक बुडवायच्या जागी पुढे आणि मागे अशी दोन्हीकडून घडी मारली, नखाने घासली. आणि मग, मी बघत असताना, सगळा कागद उघडला. बावीस पायऱ्यांची मेहनत फरशीवर सपाट झाली.

"अहो ताई!"

"थांबा. हे बघा."

कागदाच्या मधोमध, घड्यांच्या जाळ्यात, एक छोटा चौकोन उमटला होता. मी आठवडाभर ज्याला टोक समजत होते, ते म्हणजे हा चौकोन. "आत ढकलायचं नाय," त्या म्हणाल्या. "ढकललं की कागद कुठं जाणार? याच्या चारी बाजू डोंगरासारख्या वर उचलायच्या. मधला भाग मग आपोआप खाली बसतो. उघडल्याबिगर व्हायचं नाय हे."

इतकं सोपं. व्हिडिओतल्या माणसाला ते येत होतं, लाल बाणवाल्यालाही येत असणार. पण न येणाऱ्याला नेमकं काय दिसत नाही, ते फक्त या बाईंनी शोधलं. तेही दिवसभर उभं राहून काम केल्यावर, रात्री आपलं कालवण रांधायचं बाकी असताना.

मी म्हटलं, "आता तुम्हीच बुडवा."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "खेकडा तुमचा हाय. तुमी करा."

मी केलं. चौकोनाची एक बाजू उचलली की दुसरी पडायची. त्या वाकून बघत होत्या, "ती डावी... नाय, तिच्या पलीकडची," एवढंच म्हणत होत्या, बोटसुद्धा लावलं नाही. चौथ्या वेळी चारी कडा एकदम उभ्या राहिल्या, मधला भाग खळगीसारखा खाली गेला आणि सगळा कागद शहाण्यासारखा मिटला. मी ओरडलेच. मला माझीच लाज वाटली ती नंतर, त्या गेल्यावर. वीस वर्षं शिकवतेय. किती मुलांच्या हातातून पेन्सिल घेऊन मीच गणित सोडवून दिलं असेल. वेळ नसतो, हे खरं. पण वेळ ताईंना तरी कुठे होता?

खेकडा आणखी पाच दिवसांनी पुरा झाला. एक पाय आखूड. ताईंनी तो उजेडात फिरवून सगळीकडून बघितला, आखूड पाय चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "ही घडी घाईत मारली तुमी." खरंच घाईत मारली होती.

प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना शाळेत बोलावलं. आधी नको म्हणाल्या. "सातवीपर्यंतच शिकलेली मी. पोरांना काय सांगू?" मग कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आल्या, इस्त्रीची साडी नेसून, खाकी कागदाची गुंडाळी काखेत. पाचवीच्या वर्गात फरशीवरच बसल्या आणि पाऊण तास मुलांना एका टोपीचं टोक बुडवायला शिकवलं. ज्यांचं फाटलं त्यांना त्या आधी जवळ बोलवत. मी मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होते.

परतताना रिक्षात त्यांनी ते पुस्तक मागितलं. पानं उलटत बगळ्यापाशी थांबल्या. एका पायरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मला नाय कळली. खाली काय लिहिलंय?"

मी ओळ वाचली, चित्र बघितलं, पुस्तक उलटं धरून परत बघितलं.

"मलाही नाही कळत, ताई."

"मग उद्या मोठा कागद आणते," त्या म्हणाल्या, आणि सालवड येईपर्यंत त्या पानावरून त्यांनी नजर काढली नाही.